सुरत, मंगलचं बोट आणि माझं आयुष्य

सुरतेला जाऊन आल्यापासून मिरजेत जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? किल्ला पाहिला का? नाही. डुमसचा समुद्र? नाही. तिथली टोमॅटोची भजी तरी खाल्लीत का? नाही. मी सुरतेत एका बाईच्या डाव्या पायाचं दुसरं बोट पाहिलं, आणि ते पाहत असताना आजूबाजूला जे ऐकलं त्यानं माझं डोकं अजून तापलेलं आहे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते थंड होणार नाही, म्हणून हे लिहितोय.

ती बाई म्हणजे माझी बायको मंगल. तिचं माहेर अमळनेरच्या बाजूचं. धाकटा भाऊ सुनील लग्नाआधीच सुरतेला गेला, पांडेसऱ्यात कपडा रंगवणाऱ्या एका मिलमध्ये लागला, आणि इतक्या वर्षांनी आता त्यानं गोडादऱ्यात स्वतःचं दुमजली घर बांधलं. त्याच्या वास्तुशांतीसाठी आम्ही निघालो होतो. माझी नोकरी बसगाड्यांच्या वर्कशॉपात झाली. आता रिटायर आहे. गेल्या वर्षी मला हार्टचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी आत दोन स्प्रिंगा टाकल्या. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. पुढचा सगळा तमाशा त्या दोन स्प्रिंगांवरून झाला, म्हणून सांगतोय.

गोडादरा, पहिला दिवस

गाडीतल्या हालांचं सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत आहेत. स्टेशनावरून रिक्षानं निघालो तर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे साड्यांचे गठ्ठे. टेम्पोत गठ्ठे, मोटरसायकलवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर बसलेली माणसं. आमचा रिक्षावाला आमच्याशी हिंदीत बोलला, सिग्नलला दुसऱ्या रिक्षावाल्याला गुजरातीत शिव्या दिल्या आणि फोनवर बायकोला मंगलच्या माहेरच्या बोलीत म्हणाला, "दुपारले येस मी, भाकर टाकी ठेव." मंगल एवढी खूश झाली की तिनं त्याला गाव विचारलं, आणि शिरपूरकडचा निघाला म्हटल्यावर मला कोपर मारलं. कोपर का मारायचं ते मला कळलं नाही.

गोडादऱ्यात दिवसभर कुठून तरी मागांची खटखट येत असते. पहिला तासभर ती कानात शिरते, मग ऐकू येईनाशी होते. सुनीलनं नाश्त्याला लोचो आणला. बिघडलेला ढोकळा कुणीतरी फेकून द्यायच्या ऐवजी तेल, शेव आणि कांदा घालून विकायला काढला असावा, असं त्याचं रूप. मी नाक मुरडून घेतला आणि दोन प्लेटा खाल्ल्या. दुपारी मात्र घरात शुद्ध खानदेश होता. शेवभाजीचा रस्सा एवढा तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनीलची बायको उषा हसून म्हणाली, "दाजी, तुमच्या मिरजेत काय गूळ घालतात का भाजीत?" तोवर सगळं छान चाललं होतं.

दुसरा दिवस, पाट्यापाशी

वास्तुशांतीला मांडे हवेत, असं उषानं ठरवलं होतं. मांडे म्हणजे खानदेशातली पुरणपोळी. हातांवर फिरवत फिरवत पोळी रुमालाएवढी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. ते बघणं ही खरंच पर्वणी आहे, मला मान्य आहे. पण त्याचं पुरण मिक्सरमधलं चालत नाही, पाट्यावर वाटलेलंच लागतं, हे मला मान्य नाही. घरात नवा कोरा मिक्सर होता. तो खोक्यात ठेवून ह्या लोकांनी गावाहून पाटा-वरवंटा आणला, तो नव्या ओट्यावर ठेवला, आणि मंगल ओट्याशी उभी राहून पुरण वाटू लागली. वरवंटा धुतला होता, ओला होता. हातातून सुटला तो थेट पायावर.

अंगठ्याशेजारच्या बोटावर. ज्यात जोडवं असतं त्या.

तिचं ओरडणं ऐकून सर्वांत आधी आली ती खालच्या खोलीतली भाडेकरू, शोभाबाई. पन्नाशीची, बारीक अंगाची, साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम घरी बसून करणारी बाई. तिनं फ्रीजमधला बर्फ काढून फडक्यात बांधून बोटावर धरला. एवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी घडली. नंतर उषानं हळद-चुना गरम करून थापला आणि सुनील म्हणाला, "टेन्शन नका घेऊ दाजी. दवाखान्यात जाऊन काय, फोटो काढून प्लास्टर मारतील. आपला हाडवैद एकदम फर्स्टक्लास आहे. मिलमधले सगळे त्याच्याकडेच जातात."

मी मिरजेचा माणूस आहे. आमच्या गावात दर चार घरांमागे दवाखाना आहे. कर्नाटकातून लोक हाडं जोडायला आमच्याकडे येतात. आणि माझ्या बायकोला मी हाडवैदाकडे न्यायचं? मी तसं मोठ्यानं म्हणालो. मंगल म्हणाली, "अहो, उद्या कार्य आहे, भावाचा मान राखा." मी राखला. तिथे मी चुकलो, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे मी इतरांवर चिडेन तेव्हा कुणी मला ते ऐकवायला नको.

हाडवैद म्हातारे होते, स्वच्छ पांढरा झब्बा, बोलणं गोड. त्यांनी बोट चिमटीत धरून पाहिलं आणि लगेच म्हणाले, "बेन, आ पहेलां काढी नाखो." म्हणजे जोडवं आधी काढा. बरोबर बोलले. मंगलनं पाय साडीखाली ओढून घेतला. जोडवं सकाळपर्यंत सैल फिरत होतं, आता सुजेमुळे निघत नव्हतं, आणि कापायचं तर ती ऐकेना. तेव्हा उषा पुढे झुकून त्यांना हळू आवाजात म्हणाली, "एमना वर ने हार्टनी तकलीफ छे."

म्हणजे हिच्या नवऱ्याला हार्टचा त्रास आहे. आणि त्या शहाण्या म्हाताऱ्यानं, ज्याला आत्ता आत्ता सगळं कळत होतं, त्यानं मान डोलावली. जणू काही उषानं बोटाचा एक्स-रे दाखवला! "तो पछी रहेवा दो," म्हणजे मग राहू दे, म्हणाले, आणि जोडव्याच्या वरूनच लेप लावून, बांबूची चपटी काडी ठेवून, करकचून पट्टी बांधली. मी म्हणालो, सुजणाऱ्या बोटावर धातूची कडी आणि वर घट्ट पट्टी, हे कुठलं शास्त्र? माझं हिंदी त्यांना कळलं नसावं. सुनील म्हणाला, "दाजी, त्यांचा हात गुणकारी आहे."

मी तीस वर्षं अडकलेले नट कापले आहेत. नट घट्ट बसला, की आधी तेल, मग पाना, आणि हलला नाही तर कापायचा. त्यात नटाच्या मालकाच्या नवऱ्याची तब्येत विचारायची पद्धत आमच्या वर्कशॉपात नव्हती.

तिसरा दिवस, वास्तुशांती आणि नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच होमाजवळ बसली. तासन् तास. धुरानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून हिच्या डोळ्यांतलं कुणाला वेगळं दिसलं नाही. मांडे मात्र अप्रतिम झाले होते. मी चार खाल्ले आणि प्रत्येक घासाला माझा राग वाढत गेला, कारण त्या पुरणासाठीच हे सगळं झालं होतं.

दुपारी पाहुणे पांगल्यावर मी दार लावून स्वतःच पट्टी सोडली. बोट जांभळासारखं झालं होतं. जोडवं दिसतच नव्हतं. दोन्ही बाजूंनी मांस फुगून त्याच्यावर आलं होतं. टोकाला नख दाबलं तर तिला काही कळेना. "दुखायचं थांबलंय," ती म्हणाली, आणि हे ऐकून मला घाम फुटला. सुनीलला हाक मारली. शोभाबाईला तिचा हात मोडला होता तेव्हाचा हाडांचा एक दवाखाना माहीत होता, म्हणून तीही मंगलच्या चपला हातात घेऊन रिक्षात बसली. मी, मंगल, उषा, शोभाबाई एका रिक्षात आणि सुनील मोटरसायकलवर, अशी आमची वरात उधन्याच्या दिशेला निघाली.

डॉक्टर तरुण होता. फोटो काढला, मधल्या हाडाला तडा होता. "ये कुछ नहीं है आंटी," तो म्हणाला, "चार-पाँच हफ्ते में ठीक हो जाएगा. लेकिन ये रिंग अभी कटेगी. उंगली में खून नहीं पहुँच रहा." त्यानं साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला. मंगल दातांखाली पदर धरून बसली होती, पण जोडवं हललं नाही. मग त्यानं एक छोटं चक्रीसारखं हत्यार काढलं. मंगलनं पाय मागे घेतला.

मी म्हणालो, "डॉक्टर, मी नवरा. मी सांगतो, कापा. लिहून देतो."

"आप तो बोल रहे हैं," डॉक्टर म्हणाला, "पैर उनका है." पुन्हा बोटाकडे बघत तो म्हणाला, "एक घंटा दे रहा हूँ. बाहर बैठके समझाइए. उसके बाद उंगली बचेगी कि नहीं, मैं नहीं बता सकता."

बाहेरच्या बाकावर

त्या बाकावरचा तास मी जन्मभर विसरणार नाही. तिथे माझ्यासमोर, मी जिवंत बसलेला असताना, माझ्या आयुष्याची चर्चा झाली. मला कुणी काही विचारलं नाही.

उषानं आधी अमळनेरला मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, कापायचं नाव काढू नका, तिच्या जावेनं विहिरीवर जोडवं हरवलं होतं आणि महिन्यात काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. मग सकाळच्या गुरुजींना फोन. गुरुजी म्हणाले, कापायला हरकत नाही, पण आधी यजमानांच्या नावानं जप व्हायला हवा. किती वेळ लागेल? उद्या दुपारपर्यंत.

"उद्या दुपारपर्यंत बोट गळून पडेल!" मी ओरडलो. "मग त्या जोडव्याला काय अधांतरी लटकवणार आहात?"

"दाजी, चिडू नका, तुम्हाला चिडायची मनाई आहे," उषा म्हणाली. सुनील कुठूनतरी लोच्याचा पुडा घेऊन आला होता. सुरतेत कुठल्याही प्रसंगी माणूस आधी खायला आणतो. इतर वेळी मी ह्या सवयीचं कौतुक केलं असतं.

मी मंगलकडे वळलो. म्हणालो, अगं, माझं आयुष्य त्या स्प्रिंगांवर आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांवर चाललंय, तुझ्या बोटावर नाही. बोट गेलं तर मी त्याचं काय करू? उद्या लोक म्हणतील, ह्याच्यासाठी हिनं बोट गमावलं. तेवढ्यानं मी दहा वर्षं जास्त जगणार आहे का, आणि जगलो तरी कुठल्या तोंडानं?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला आत नेलं होतं ना, गेल्या वर्षी. मी बाहेर बाकावर होते. असाच बाक होता. कुणी काही सांगत नव्हतं. चार तास मी हे जोडवं नुसतं फिरवत बसले होते. दुसरं काय होतं माझ्या हातात? तुम्ही बाहेर आलात. आता मी ते कापू?"

मला राग आला होता तो तसाच होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. ही मावशीसारखी बोलत असती तर मी भांडलो असतो. आत कुणाचं तरी प्लास्टर कापल्याचा आवाज येत होता. घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती.

तेव्हा शोभाबाई बोलली. तोवर ती भिंतीशी उभी होती, मंगलच्या चपला हातात तशाच.

"ताई," ती म्हणाली, "मना पायमा बी जोडवा व्हतात. एक दिन बी काढेल नव्हतात मी. तीन दिन ताप उना आन् घरवाला गया."

उषा म्हणाली, "शोभाबाई, आत्ता कशाला ते…"

शोभाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. "दवाखानामा बी मी फिरावतच बठेल व्हतू," ती मंगलला म्हणाली. "तुमनामायकच." म्हणजे तुमच्यासारखीच. "मंग मना काय चुकनं, सांगा माले."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती खरोखर विचारत होती. मला वाटतं, तिनं हे कुणाला तरी विचारायला बरीच वर्षं वाट पाहिली असावी. मंगल तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिच्या पायांकडे. मोकळ्या बोटांवर जोडव्यांचे वळ अजून फिकट दिसत होते.

"काहीच नाही चुकलं तुमचं," मंगल म्हणाली. आणि मला म्हणाली, "उठवा मला."

आत जाऊन तिनं स्वतःच पाय पुढे केला. शोभाबाईनं तिची टाच दोन्ही हातांनी धरली. ते हत्यार फिरलं, किर्रर्र असा बारीक आवाज आला आणि चांदीचं कडं दोन तुकडे होऊन तसराळ्यात पडलं. तीस सेकंदांचं काम. डॉक्टरनं बोट शेजारच्या बोटाला बांधलं, मध्ये कापूस घातला, कडक तळाची चप्पल घालायला सांगितली आणि पाय उंचावर ठेवा म्हणाला. थोड्या वेळानं टोक जांभळ्याचं लालसर झालं. "आता दुखतंय," मंगल म्हणाली. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मी अजूनही माझ्या छातीवर हात ठेवून सांगतो, मला काही झालं नाही. जिना चढताना थोडा दम लागतो, तो आधीपासून लागतो.

चौथा दिवस, निरोप

मला वाटलं आता संपलं. संपलं नव्हतं.

सकाळी चहाला उषा मंगलच्या पायाशी बसली, पट्टी बघितली, आणि म्हणाली, "ताई, कापलं ते कापलं. पण कापताना पाय त्यांनी धरायला नको होता. मी होते ना. अशा वेळी शोभाबाईचा हात… तुम्हीच सांगा."

मी तोंड उघडलं. पण माझ्यावर बोलायची पाळीच आली नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. चिडायचं खातं घरात माझ्याकडे आहे आणि समजूत घालायचं तिच्याकडे. त्या सकाळी मंगलनं कप खाली ठेवला तो असा की बशी तडकली.

"तू होतीस," ती म्हणाली. "तू फोनवर होतीस. माझं बोट मरत होतं आणि तू मावशीला विहीर विचारत होतीस. बर्फ कुणी लावला? दवाखाना कुणी दाखवला? माझ्या चपला कुणी धरल्या? आणि तिचाच हात वाईट? भाड्यानं खोली देताना तिचे हात चालतात तुला?"

उषा रडायला लागली. सुनील म्हणाला, "ताई, तिच्या मनात तसं काही नाही, रीत असते." मंगल म्हणाली, "असू दे रीत. मीही काल ती रीत धरूनच बसले होते ना." तेव्हा मला कळलं की ती जितकी उषावर चिडली होती तितकीच स्वतःवरही.

दुपारच्या गाडीची वेळ झाली. माहेरवाशीण निघताना ओटी भरायची असते. उषानं ताट केलं होतं, तांदूळ, नारळ, खण, हळद-कुंकू. डोळे सुजलेले, पण सगळं नीट मांडलेलं. तिच्यावर माझा राग होता तरी तिचं मला वाईट वाटलं. मंगल पाटावर बसली, दुखरा पाय पुढे लांब करून. उषा कुंकवाला हात घालणार तेवढ्यात ती म्हणाली, "आधी शोभाबाईंना बोलवा."

मग सुनील स्वतः खाली गेला. वर येताना शोभाबाईच्या बोटांना गोंद आणि चमकी लागलेली होती; ऑर्डरच्या साड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या. ताट बघून ती दारातच थांबली.

"मना हात गोंदना शेतस," ती म्हणाली.

"असू देत," मंगल म्हणाली.

"माले जमावं नही ताई. आदत नही ऱ्हायनी."

"मला तरी कालपर्यंत कुठे जमत होतं?"

शोभाबाईनं उषाकडे पाहिलं. उषानं मान खाली घातलेली होती. मग तिनं कुंकवाची कोयरी उचलली आणि शोभाबाईच्या पुढे धरली. शोभाबाईनं मंगलला लावलेला टिळा भुवईवरून वर चढला आणि तिरका लागला. ओटी भरताना तांदळाचे चार दाणे गोंदाला चिकटून शोभाबाईच्या बोटांवरच राहिले.

गाडीत मी मंगलचा पाय बॅगेवर उंच ठेवून दिला. खिडकीच्या काचेत तिनं आपलं तोंड पाहिलं.

"कुंकू वाकडं लागलंय," मी म्हणालो, "थांब, नीट करतो." रुमाल काढला.

"हात लावू नका," ती म्हणाली.